सातव्या महिन्यातली दाढ

पावस गावच्या पाध्यांच्या घरात सासूने बोलायचं आणि सुनेने ऐकायचं, असा रिवाज दोन-तीन पिढ्या चालत आला होता. पद्मजा लग्न होऊन आली आणि तो दोन महिन्यांत मोडला. ती आंजर्ल्याची. बाप तिथे मास्तर. त्याने मुलीला लिहायला-वाचायला शिकवलं. बोलायला शिकवावंच लागलं नाही. विहिरीवर, गोठ्यात, परसात तिचं तोंड चालूच. वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती, तर ती म्हशीशी बोले, आणि ते ओटीपर्यंत ऐकू जाईल इतपत आवाज लावी. "आज कोणीतरी सदरा उलटा घालून शाळेत निघालंय गो चंद्री," असं ती म्हशीला सांगायची, आणि ओटीवर हरिहर मुकाट्याने सदरा सुलट करायचा.

हरिहरही मास्तरच, गावच्या मराठी शाळेत. स्वभावाने गरीब. आईपुढे त्याचा आवाज निघत नसे आणि बायकोपुढे निघायची गरज पडत नसे. त्याचे वडील आप्पा आंब्यांनी मोहोर धरला की बागेतल्या खोपीत राहायला जात, ते आंबे उतरेपर्यंत जेवणापुरते घरी येत. बायकांच्या दुखण्या-खुपण्यात आपण पडायचं नाही, हे त्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकलेलं. म्हणजे घरात राज्य आनंदीबाईंचं. आनंदीबाई म्हणजे पद्मजाची सासू. अंगाने काटकुळी, चालणं चपळ. सुनेच्या बडबडीवर त्या दिवसातून दहादा करवादायच्या आणि पद्मजा माहेरी गेली की चौथ्या दिवशी आंजर्ल्याला पत्र घालायला लावायच्या.

साल एकोणीसशे तेहतीस. माघात पद्मजाला सातवा लागला. पहिलंच बाळंतपण. डोहाळे तरी कसले, तर कुळथाच्या उसळीचे. आता कुळीथ म्हणजे खड्यांचं माहेर. आनंदीबाई म्हणाल्या, "अगो, मी निवडते, तुझं लक्ष बोलण्यात." पद्मजाने सूप ओढून घेतलं. "एक खडा सापडला तर नाव बदलीन," म्हणाली. तिसऱ्याच घासाला तिच्या उजव्या दाढेखाली कड्‌कन आवाज झाला. खालची मागची दाढ. आधीच पोखरलेली होती, तिचा अर्धा टवका उडाला. सासू समोरच वाढायला उभी. पद्मजाने खडा, टवका आणि घास सगळं एकदम गिळलं आणि उसळ फार छान झालीय म्हणून सांगितलं.

ही फुशारकी तिला चांगलीच भोवली.

दुसऱ्या दिवशी दाढ ठणकायला लागली. लवंग धरून झाली. हिंगाचा बोळा ठेवून झाला. मिठाच्या गुळण्या झाल्या, पेरूच्या पाल्याचा काढा झाला. शेजारच्या कुसुमकाकूंनी अक्कलकारा चघळायला दिला, त्याने दाढेचं काही झालं नाही, पण जीभ संध्याकाळपर्यंत बधिर राहिली. चौथ्या दिवशी गाल असा फुगला की एका बाजूने पाहिलं तर पद्मजा आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं तर भोपळा. पाचव्या दिवशी जबडा धरला. दातांत जेमतेम बोट जाईल एवढीच फट राहिली. त्यातून पेज कशीबशी आत जात होती, पण शब्द काही बाहेर येत नव्हता.

घर एकदम मुकं झालं. चंद्री धार काढताना मागे वळून वळून पाहायला लागली आणि दूध चोरायला लागली. आनंदीबाई दिवसभर भांडी आपटत होत्या. कशावर करवादावं ते त्यांना कळेना.

हरिहरने शाळेतून एक पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा आणला. "काय हवं-नको ते लिहून दाखवू दे तिला," असं आईकडे पाहून म्हणाला. आनंदीबाईंना अक्षरओळख नव्हती, पण त्यांनी हरकत घेतली नाही.

पद्मजाने ओटीच्या दारात बसून पाटी भरून लिहिलं आणि नवऱ्यापुढे धरली. पाटीवर होतं : "मला रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंकडे न्या. आज न्या. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"काय म्हणते?" आनंदीबाईंनी आतून विचारलं.

हरिहरने पाटी वाचली, बायकोकडे पाहिलं, आईच्या दिशेने पाहिलं. "पेज हवी म्हणते थोडी," तो म्हणाला.

पेज आली. पद्मजाने ती फटीतून ओढली, पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं : "तुम्ही घाबरता. घाबरा. पण मला न्या."

"आता काय?"

"आणखी थोडी पेज."

त्या दिवशी पद्मजा पाच वाट्या पेज प्यायली. संध्याकाळी सहाव्यांदा तिने पाटी पुढे केली. या खेपेला दोन्ही बाजू भरल्या होत्या. हरिहरने खाकरून "पेज" म्हणायला तोंड उघडलं, तोच आनंदीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हरी," त्या म्हणाल्या, "मला वाचता येत नाही. पण पेजेला एवढी अक्षरं लागत नाहीत, एवढं मला कळतं. खरं काय लिहिलंय?"

हरिहरने खाली मान घालून खरं सांगितलं. डॉक्टरीणबाई, रत्नागिरी, दाढ काढणं, सगळं. शेवटची ओळ "नेलं नाहीत तर मी चालत जाईन" अशी होती, तीही त्याने वाचली, फक्त जरा हळू.

आनंदीबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. "पोटुशीच्या तोंडात लोखंड जायचं नाही," त्या म्हणाल्या. "या घरात तरी नाही. एका बाळंतपणाला एक दात द्यावाच लागतो. मी चार दिले. आपला आपण पडेल तेव्हा पडेल, पण उपटायचा नाही." आणि त्या आत निघून गेल्या. आपली सासू रागावली की दहा वाक्यं बोलते हे पद्मजाला ठाऊक होतं. आज पाचच बोलली होती, आणि आवाज रागाचा वाटत नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी पद्मजाच्या अंगात ताप भरला. दात वाजायला जागाच नव्हती म्हणून, नाहीतर थंडीने वाजले असते. पोटातलं मूल हलत होतं, तेवढाच धीर. ती बराच वेळ पाटी मांडीवर घेऊन बसली. लिहून उपयोग नाही हे कळलं होतं. ज्या माणसाला सांगायचं ते वाचणारं नव्हतं, आणि वाचणारं होतं ते सांगणारं नव्हतं. मग तिने पाटीवर चित्र काढलं. एक बाई काढली. मोठं गोल पोट. त्याच्या वर दुसरा गोल, पोटाच्या दीडपट, तो गाल. दोन गोलांच्या मधे डोकं कुठे बसवावं हे सुचेना, म्हणून नुसताच अंबाडा काढला. शेजारी बैलगाडी काढली. बैल मांजरासारखे आले, पण चाकं बरी जमली. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि पाटी सासूच्या पुढ्यात, विळीशेजारी ठेवली.

आनंदीबाईंनी नारळ खवता खवता पाटीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या, आणि हसता हसता त्यांनी डावा हात उलटा करून सुनेच्या गालाला लावला. हसू तिथेच थांबलं. गाल तव्यासारखा तापला होता.

त्यांनी विळी आडवी केली. "हरी," त्यांनी हाक मारली, "सखारामाला सांग, उद्या फटफटायच्या आत गाडी जोड म्हणावं. फक्त दाखवून आणायची. हत्यार लावायचं नाही. आणि मी येणार बरोबर."

सखाराम त्यांच्या बागेत राबणारा, गाडी हाकण्यात पटाईत. त्याने गाडीत पेंढ्याचा हातभर थर घातला, वर दोन गोधड्या. पद्मजा डाव्या कुशीवर, उशाला सासूची मांडी, पुढे सखारामाशेजारी हरिहर. गोळपपर्यंत रस्ता बरा होता. मग कातळ लागला. चाकाखाली जांभ्या दगडाचा उंचवटा आला की पद्मजाच्या कवटीत घण बसे.

"वैनी, बैलांस सांगितलंय, दगड बघून पाय टाका म्हून," सखाराम मागे न बघता म्हणाला. "पर आयकत न्हाईत. मास्तरांच्या शाळंत घातलं पायजे."

पद्मजाला हसायला आलं आणि हसण्याने दाढ ठणकली. तिने सासूच्या गुडघ्यावर चापट मारली. चापट खरं तर सखारामाची होती. आनंदीबाईंनी ती पोहोचती केली.

भाट्याच्या खाडीशी पोहोचले तेव्हा ओहोटी होती. तरीवाला चिखलात रुतलेल्या होडीकडे बोट दाखवून म्हणाला, पाणी चढू दे. तासभर सुरूच्या सावलीत बसावं लागलं. पाणी आलं तशी होडी सुटली. सखाराम गाडीसह अलीकडेच राहिला. होडीत एक मासेवाली होती, रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसलेली. तिने पद्मजाचा गाल निरखून पाहिला.

"दाढ ना गो?" ती म्हणाली. "काढून टाक. माझ्या सुनेची काढली, आठवा होता. चेडू झाला, पोरगी नुसता गोटा."

आनंदीबाईंनी तोंड फिरवून खाडीच्या मुखाकडे पाहायला सुरुवात केली, ती राजिवड्याला होडी टेकेपर्यंत.

डॉक्टर मथुराबाईंचा दवाखाना मारुती आळीत होता. चाळिशीची बाई. मुंबईला शिकून आलेली, डोळ्यांना चष्मा, पांढरं काठाचं लुगडं आणि कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. आवाज एखाद्या हवालदारासारखा. "मास्तर, तुम्ही बाहेर बाकावर," त्यांनी पहिलं फर्मान सोडलं. "सासूबाई, तुम्ही आत. मुली, तू बोलू नकोस, बोटं दाखव. किती दिवस?"

पद्मजाने सात बोटं दाखवली.

मथुराबाईंनी नाडी पाहिली, काखेत नळी ठेवून ताप पाहिला. जबड्याखाली, गळ्यावरून बोटं फिरवली. फटीतून आरशाच्या तुकड्याने आत डोकावल्या. मग म्हणाल्या, "आता आतल्या पाहुण्याची चौकशी करू." पद्मजाला बाकावर निजवून त्यांनी एक लाकडी नळी, कर्ण्यासारखी, तिच्या पोटावर टेकवली आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"पाहुणा ठणठणीत आहे," त्या उठून म्हणाल्या. "आईचं मात्र खरं नाही. मुळाशी पू झालाय. दाढ काढायला हवी. आजच."

"नाही," आनंदीबाई म्हणाल्या.

"का नाही?"

"पोटुशीच्या तोंडात लोखंड..."

"ते मी आठवड्यातून चारदा ऐकते," मथुराबाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि आनंदीबाईंच्या समोर बसल्या. "तुम्ही पावसहून इथवर आलात. नुसतं लोखंडाचं भय असतं तर आला नसतात. खरं काय ते सांगा."

आनंदीबाई खिडकीकडे पाहत राहिल्या. मग बोलायला लागल्या, तेही अगदी सपाट आवाजात.

"माझी धाकटी बहीण. राही नाव. सतराव्या वर्षी गेली. पोटुशी होती, सहावा महिना. दाढ सुजली. जत्रेत दात उपटणारा एक आला होता, त्याच्याकडे नेली. त्याने चिमट्याने उपटली. आठव्या दिवशी दोघंही गेली. ती आणि आतलं."

पद्मजा कोपरावर उठून बसली. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण सासूला बहीण होती हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

मथुराबाईंनी विचारलं, "उपटायच्या आधी किती दिवस सुजली होती?"

"झाले असतील वीस-बावीस."

"ताप?"

"होता. शेवटी पाणी गिळवेना. सूज गळ्यात उतरली तेव्हा नेली."

"आणि तोवर काय करत होतात?"

आनंदीबाईंचे ओठ हलले. "तोवर पोटुशीच्या तोंडात लोखंड नको, असं म्हणत होतो," त्या म्हणाल्या. "सगळीच. मी पण. मी थोरली ना. ती मला म्हणाली होती, ताई, मला कुठेतरी ने. मी म्हटलं, होईल बरं."

 

"त्या जत्रेतल्याचा चिमटा घाणेरडाच असणार," मथुराबाई म्हणाल्या. आवाजातला हवालदार आता गेला होता. "त्याचा दोष नव्हता असं मी म्हणणार नाही. पण विष गळ्यात उतरलं ते त्याच्याकडे जायच्या आधी. तुमच्या सुनेचा आज सातवा दिवस आहे. सूज अजून जबड्याच्या खाली गेलेली नाही. धोका मुळीच नाही असं मी सांगत नाही, खोटं कशाला बोलू. काढण्यात थोडा आहे. ठेवण्यात पुष्कळ."

मथुराबाईंनी ती लाकडी नळी पुन्हा उचलली. "ऐकायचंय?"

आनंदीबाईंनी आधी नको म्हणून मान हलवली, मग पुढे आल्या. गुडघ्यावर बसून त्यांनी नळीला कान लावला. सुरुवातीला काहीच नाही, नुसती घूं घूं. मग मथुराबाईंनी नळी दोन बोटं सरकवली. आनंदीबाईंचे डोळे मोठे झाले. दोन बायकांनी आळीपाळीने मुसळ घालून भात कांडावा तसा आवाज येत होता, पण किती घाईने, जणू संध्याकाळच्या आत खंडीभर भात उरकायचा आहे. त्या कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. लुगड्याच्या काठाने डोळे टिपत, कान नळीला तसाच ठेवून बसल्या.

"चार पोरं झाली मला," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आतलं कधी ऐकलं नव्हतं हो."

मग त्या सुनेकडे वळल्या. "अगो, तुझं काय म्हणणं?"

पद्मजाने बरोबर आणलेली पाटी घेतली आणि एकच शब्द लिहिला. तो वाचून दाखवायला मथुराबाई पुढे झाल्या.

"नको," आनंदीबाई म्हणाल्या. "कळलं मला."

जबडा सैल करायलाच तास गेला. गरम पाण्यात फडकी बुडवून, पिळून, गालावर ठेवायची, गार झाली की दुसरी. ते काम आनंदीबाईंनी अंगावर घेतलं. पाणी किती गरम हवं यावरून त्यांचं आणि मथुराबाईंचं एकदा वाजलंही. हळूहळू तोंड दोन बोटं उघडलं. पद्मजाला खिडकीपाशी पाठीच्या खुर्चीत बसवलं. हत्यारं उकळत्या पाण्यातून निघाली तेव्हा आनंदीबाईंनी ती एकेक न्याहाळली, आणि चिमटा पाहिला तेव्हा एकदा डोळे मिटले. मग खुर्चीच्या मागे जाऊन त्यांनी सुनेचं डोकं दोन्ही हातांनी आपल्या पोटाशी धरलं.

"सुई टोचून हिरडी बधिर करते आहे," मथुराबाई म्हणाल्या. "पण पू असला की पुरती बधिर होत नाही. दुखेल. जागची हलू नकोस."

सुई टोचली. थोडं थांबून चिमटा आत गेला. पद्मजाने खुर्चीचे हात घट्ट पकडले. दाढ आधीच अर्धी, म्हणून पकड मिळेना. एकदा निसटली. दुसऱ्यांदा एक तुकडा आला. तिसऱ्यांदा मथुराबाईंनी मनगट फिरवलं, आत काहीतरी करकरलं, आणि मुळासकट दाढ बाहेर आली. मागोमाग पू आणि रक्त. आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच पद्मजाच्या तोंडून आवाज निघाला, तो असा की मारुती आळीतली कुत्री भुंकायला लागली.

"आई गोऽ मेले मी."

"मेली नाही, बोलली," आनंदीबाई वरून म्हणाल्या. डोकं त्यांनी अजून सोडलं नव्हतं. "हरी, बोलली रे."

बाहेरच्या बाकावर हरिहर देवी टोचून घेण्याबद्दलचा भिंतीवरचा कागद चाळिसाव्यांदा वाचत होता. तो दारापर्यंत आला, तस्तातलं रक्त पाहून परत जाऊन बसला, आणि मग बायकोचा आवाज ऐकू आला होता एवढ्यावरच समाधान मानून डोळे पुसत राहिला.

जांभळ्या औषधी पाण्याच्या गुळण्या, कापसाचा बोळा, आणि मग मथुराबाईंनी पुन्हा ती नळी लावली. आनंदीबाई रांगेत उभ्या असल्यासारख्या मागेच. मथुराबाईंनी ऐकून नळी त्यांच्या हातात दिली. कांडण चालूच होतं.

"दोन दिवस माझ्या नजरेखाली ठेवते," मथुराबाई म्हणाल्या. दवाखान्याच्या मागे त्यांची एक खोली होती. हरिहर भाट्यापर्यंत जाऊन सखारामाला निरोप देऊन आला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. संध्याकाळी दिवेलागणीला पद्मजा तोंडात बोळा धरून भिंतीला टेकून बसली होती आणि आनंदीबाई तिच्यासाठी रव्याची लापशी फुंकून गार करत होत्या. लापशी गार झाली तरी त्यांचं फुंकणं थांबेना.

"राही झाडावर चढायची," त्या एकदम म्हणाल्या. "लग्न झाल्यावरसुद्धा. सासरी रायवळ आंब्यावर चढली आणि सासऱ्याने पाहिली. तर वरूनच म्हणाली, मामंजी, पिकलेला हवा की पाडाचा. तुझ्यासारखीच. तोंडाला कुलूप नाही." त्या हसल्या. "तिचं नाव घेतलं तीस वर्षांनी. घरात कोणाला ठाऊकच नाही. घेतलं असतं तर कोणी विचारलं असतं, कशाने गेली. मग काय सांगायचं."

पद्मजाला कितीतरी बोलायचं होतं. तोंडात बोळा होता. तिने लापशीची वाटी सासूच्या हातातून काढून खाली ठेवली आणि तो हात धरून बसली. बोलता आलं असतं तर कदाचित काहीतरी भलतंच बोलून गेली असती, असं तिला नंतर वाटलं. आनंदीबाई तासभर बोलत होत्या. राहीच्या भातुकलीबद्दल, तिच्या खरखरीत आवाजाबद्दल, तिने ताईच्या परकराला लावलेल्या डांबराबद्दल. लापशी पुन्हा गरम करावी लागली.

तिसऱ्या दिवशी ते परत निघाले. होडीत पद्मजा बोलायला लागली ती गोळप मागे पडेपर्यंत थांबली नाही. पाच दिवसांचं तुंबलेलं होतं. कुळथातला खडा, गिळलेला टवका, अक्कलकाऱ्याने मेलेली जीभ, मास्तरांची पेज, सगळं तिने सांगितलं. पेजेचं ऐकताना सखाराम गाडी थांबवून हसला. हरिहर कान लाल करून बैलांच्या शिंगांकडे पाहत बसला. "आणि तू उसळ छान झालीय म्हणालीस नि पुढे गप्प जेवलीस," आनंदीबाई म्हणाल्या, "तेव्हाच मला वाटलं, ही कधी आपणहून गप्प जेवत नाही, आज काय झालं."

फाल्गुनात डोहाळजेवण झालं. चावायचं काही नको म्हणून आनंदीबाईंनी सगळं मऊ केलं. खांडवी, घावन-घाटलं, तांदळाची खीर. पद्मजाने डाव्या बाजूने सगळ्याचा समाचार घेतला. वैशाखात, ऐन आंबे उतरायच्या धांदलीत, तिला मुलगी झाली. साडेसहा पौंडांची, डोक्यावर भरपूर जावळ, आणि रडणं असं की आप्पा खोपीतून घरी आले.

बारशाला गाव लोटला. त्या दिवशी आनंदीबाईंनी दाढेची गोष्ट पहिल्यांदा चारचौघींत सांगितली. त्यांच्या गोष्टीत सून "नको नको" म्हणत होती आणि त्यांनीच तिला ओढून गाडीत घातलं होतं. पद्मजाने तोंड उघडलं. हरिहरने ओटीवरून तिच्याकडे पाहिलं. तिने तोंड मिटलं आणि बायकांना सुंठवडा वाटायला घेतला. पुढच्या खेपेला गोष्टीत डॉक्टरीणबाई घाबरली होती आणि आनंदीबाईंनी तिला धीर दिला होता. पण राहीचा भाग त्या नेहमी होता तसाच सांगत. त्यात त्यांनी कधी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, "मी पण" हेसुद्धा वगळलं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळी उलटल्यावर कुसुमकाकूंच्या सुनेची, चिमाची, दाढ सुजली. तिला पाचवा होता. काकू अक्कलकारा घेऊन तिच्या मागे फिरत होत्या. आनंदीबाई परसाच्या कुंपणातल्या बेड्यातून पलीकडे गेल्या आणि चिमाच्या गालाला उलटा हात लावला.

"किती दिवस झाले?"

"चारच तर झाले," काकू म्हणाल्या. "आणि पोटुशीच्या तोंडात लोखंड..."

"कुसुम, तू लुगडं बदल," आनंदीबाई म्हणाल्या. "मी सखारामाला गाडी जोडायला सांगितलीय. ओहोटी लागायच्या आत भाट्याची होडी गाठायची आहे. वाटेत तुला एक गोष्ट सांगते."